आयत्या वेळी

गड्ड्याची जत्रा उठली की दुसऱ्या रविवारी
वैरागच्या अलीकडं, भैरोबाच्या टेकडीखाली
माझं टेबल लागतं.
नऊ वर्षं तेच टेबल, एक पाय आखूड,
त्याखाली घडी घातलेलं खपट.
टेबलावर सेफ्टी पिनांचा डबा, शिसपेन्सिल,
आणि वही : आयत्या वेळी येणाऱ्यांची.

यंदा वही नको, असं ठरलं.
नोंदणी नोव्हेंबरातच बंद. फोनवर फॉर्म,
फोनवर पैसे, टी-शर्टाचं माप, रक्तगट.
डॉक्टर कासट म्हणाले,
"सर, वर पाणी डोक्यावरून न्यावं लागतं.
किती माणसं ते आधी नको कळायला?"
खरं होतं. दोन वर्षांपूर्वी
केळी संपली तेव्हा शिव्या मीच खाल्ल्या होत्या.

तर तीनशे बारा नावं, छापील, अकारविल्हे.
पहाटे साडेपाचला जोंधळ्यावर दहिवर,
बॅटरीच्या उजेडात मी नंबर वाटत होतो,
आणि लिंबाखाली सहाजण उभे.
यादीत नसलेले.

मल्लेशम बोल्ली, अशोक चौकातल्या कारखान्यात
चादरीच्या मागावर.
"शनिवारी रात्री कळतंय सर,
मालक रविवार देतोय का न्हाई.
नोव्हेंबरात कसं सांगू?"
अंबुबाई येमूल, हजार विड्या आदल्या रात्रीच वळून आलेली,
पदरात सुटे तीनशे, तंबाखूचा वास.
कोकरे बंधू. एसटी डेपोतला तौफिक नदाफ.
शिवगंगा हत्तुरे, तिच्या घरी
पळणं हा शब्द वेगळ्या अर्थानं घेतात.

"नियम आहे," मी म्हणालो,
आणि माझाच आवाज मला
शाळेच्या फाटकावरच्या घंटेसारखा वाटला.

सहाला शिट्टी झाली.
टेबलावर एक्केचाळीस नंबर तसेच पडलेले.
पैसे भरलेले, माप दिलेले, रक्तगट कळवलेले,
आणि पांघरुणात असलेले एक्केचाळीस.
त्यांच्या वाटणीची केळी घडात पिवळी होत होती.
नंबर उचलून देता आला असता.
पण मागच्या बाजूला छापलंय ना
ओ पॉझिटिव्ह, आणि कुणाच्या तरी बायकोचा फोन.
दुसऱ्याचं रक्त पाठीशी लावून
कुणाला डोंगरावर कसं पाठवू?

ते सहाजण काही थांबले नाहीत.
गर्दी पहिल्या वळणाला गेली
तसे मागून निघाले, छाती कोरी.
अंबुबाईनं चपला माझ्या टेबलाखाली सरकवल्या.
मी पिशवीतून जुनी वही काढली.
नियम मोडायला नव्हे.
वर किती गेले, हे खाली
कुणाला तरी ठाऊक पाहिजे.

साडेनऊपर्यंत पाच उतरले.
अंबुबाई चपला घालताना म्हणाली,
"वरची वाट लई गुळगुळीत हाय,"
आणि दोन केळी मागून घेतली.
मल्लेशम आला नाही.

दहा. मंडप सुटला. साडेदहा.
वहीत त्याचं नाव, फक्त नाव.
फोन नंबर विचारला नव्हता मी.
रकानाच नव्हता वहीत तसला.
आता कळलं, फॉर्म एवढे प्रश्न का विचारतो.

नऊ वर्षांत पहिल्यांदा टेकडी चढलो,
सँडल घालून, अठ्ठावन्नाव्या वर्षी.
दर वळणावर "बोल्ली!" म्हणून हाक मारायची
आणि कुसळांतून टिटवीनं ओ द्यायची.
देवळापाशी एक मेंढका बसलेला.
"पोरगा व्हय? केव्हाच गेला की.
त्या अंगाला उतरला, फाट्यावर जीप गाठतो म्हणाला.
दुपारची पाळी हाय म्हणं."

मी तिथंच बसलो.
मेंढक्यानं हुरडा दिला, गार झालेला.
दम गोळा होईस्तोवर वेळ गेला,
मग मल्लेशमच्या नावापुढं बरोबरची खूण केली.

पुढल्या बैठकीत मला एवढंच मांडायचंय :
वीस जागा आयत्या वेळेला ठेवा,
केळी माझ्या पैशानं आणीन.
आणि फॉर्मात, वहीतसुद्धा,
एक रकाना वाढवा :
उतरणार कुठल्या अंगानं?